पाप, पतन आणि देवाचा न्याय : आमच्या गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या मातीचं, पऱ्हाटीचं (कपाशीचं) आणि तुरीचं. ख्रिस्ती घरं सातच. दर रविवारी मी लेकरांची शाळा घेते, बाकीचे दिवस वावरात असते. निंदणाची पात धरून बायांसोबत सरकताना, मयतीच्या घरी चटईवर बसल्यावर, एसटीची वाट पाहताना लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणारे निम्मे आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, निम्मे शेजारचे हिंदू आणि बौद्ध. जिथे सगळ्या ख्रिस्ती लोकांचं एकमत आहे तिथे ते सरळ सांगितलं आहे. जिथे पंथापंथांत फरक आहे तिथे फरकही सांगितला आहे.

‘मानवाचं पतन’ म्हणतात ते नेमकं काय?

ही गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. देवानं मातीपासून माणूस घडवला, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला आणि त्याला एदेन बागेत ठेवलं, बागेची मशागत आणि राखण करायला. हिब्रू भाषेत माणूस म्हणजे ‘आदाम’ आणि माती म्हणजे ‘अदामा’. म्हणजे कास्तकारी ही पतनाच्या आधीची आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे पुष्कळांना वाटतं की मातीत राबणं हाच शाप आहे. तसं नाही. राबूनही हाती काही न लागणं, हे नंतर आलं.

बागेतली सगळी फळं खायला मोकळीक होती. फक्त बऱ्यावाईटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ खायचं नव्हतं. साप आला तो फळाची गोडी सांगत नाही आला. त्यानं आधी संशय पेरला : देवानं खरंच असं सांगितलं का? तुम्ही काही मरत नाही, उलट देवासारखे व्हाल. दोघांनी खाल्लं. मग काय झालं ते बघा. त्यांना स्वतःच्या अंगाची लाज वाटली आणि त्यांनी अंजिराची पानं शिवून नेसली. देवाची चाहूल लागताच दोघं झाडांमागे लपले. विचारल्यावर तो म्हणाला, बाईनं दिलं. ती म्हणाली, सापानं भुलवलं. शेवटी जमिनीवरही शाप आला, ती काटे-कुसळे उगवू लागली. पुढच्याच अध्यायात काइन आपल्या सख्ख्या भावाला, हाबेलाला, वावरात गाठून मारतो. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भावाभावांत कुऱ्हाड निघालेली ज्यानं पाहिली आहे, त्याला ही गोष्ट कोण्या दूरच्या देशाची वाटत नाही.

देवाशी, एकमेकांशी, स्वतःशी आणि मातीशी असलेलं नातं तुटलं, त्या तुटण्याला पतन म्हणतात. लपलेल्या माणसाला देवाचा पहिला शब्द होता, ‘तू कोठे आहेस?’ शाप नंतर आला, हाक आधी आली. माझ्या शाळेतल्या लेकरांना मी सगळ्यांत आधी हेच वाक्य पाठ करायला लावते.

एक सफरचंद खाल्लं म्हणून एवढी शिक्षा?

सफरचंद त्या अध्यायात कुठेच नाही, नुसतं ‘फळ’ आहे. सफरचंद आलं ते युरोपातल्या चित्रांतून. लॅटिन भाषेत सफरचंदाचा आणि वाईटाचा शब्द जवळजवळ सारखाच, ‘मालुम’, त्याचाही हातभार लागला असावा.

आणि प्रश्न फळाच्या किमतीचा नाही. पोरानं बापाच्या खिशातून दहा रुपये काढले तर बाप दहा रुपयांसाठी रडत नाही. सगळं दिलं असताना ‘हा माझ्यापासून काहीतरी दाबून ठेवतो आहे’ असं मनात धरलं आणि भरवसा मोडला, पाप ते आहे. बरं काय, वाईट काय हे आता माझं मी ठरवीन, देवानं मला सांगायचं काम नाही, असा तो हात पुढे गेला.

शिक्षेसोबतच आणखी एक ओळ आहे, ती लोक वाचतच नाहीत. बागेतून बाहेर काढण्याआधी देवानं त्या दोघांना चामड्याची वस्त्रं करून घातली.

“काहून जी काकू, मग देवानं ते झाड लावलंच काहून?”

हा प्रश्न एका सातवीतल्या पोरानं विचारला, आणि भल्याभल्यांनी विचारला आहे. माझं उत्तर असं : दावणीच्या बैलाला घरधन्याची माया आहे की नाही, हे दावं सोडल्याशिवाय कळत नाही. ‘नाही’ म्हणायची सोय नसेल तर ‘हो’ला अर्थ नाही. पण साप मुळात वाईट का झाला, हे उत्पत्ती सांगत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, त्या ‘जुन्या सापाला’ सैतान म्हटलं आहे, तेवढंच. वाईटाचं मूळ सांगण्यापेक्षा त्यावरचा उपाय सांगण्याकडे बायबलचा कल जास्त आहे.

हे खरंच घडलं की नुसती कथा आहे?

इथे ख्रिस्ती लोकांत फरक आहे. आमच्या भागातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हा अध्याय जसा लिहिला तसा इतिहास मानतात. कॅथलिक चर्चची शिकवण अशी की भाषा प्रतीकांची आहे, पण मानवाच्या आरंभी खरोखर घडलेल्या एका घटनेबद्दल ती बोलते. काही अभ्यासक त्यात प्रत्येक माणसाची गोष्ट पाहतात. कोणीही घेतलं तरी एक बाब समान राहते : माणूस जसा असायला हवा होता तसा तो नाही, आणि ही देवाची चूक नाही.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातले इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले. १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात आदाम-हव्वेची कथा ओवीत आहे. म्हणजे चारशेहून जास्त वर्षं झाली, हे पतन मराठी माणसाच्या कानावर आहे.

दोष सगळा बाईचा होता ना?

नाही. या प्रश्नावर मला राग येतो आणि तो लपवत नाही. त्याच अध्यायात सहाव्या वचनात लिहिलं आहे की नवरा तिच्याबरोबरच होता. तो अडवायला पुढे झाला नाही, त्यानंही खाल्लं. येशूचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, त्यानं रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पाप जगात कोणामुळे आलं हे सांगताना आदामाचं नाव घेतलं आहे, हव्वेचं नाही.

नवरा तुझ्यावर सत्ता चालवील, हे वाक्य आहे खरं. पण ते बिघाडाच्या यादीत आहे, काट्या-कुसळांच्या शेजारी. काटे उगवतात म्हणून आपण ते जपत नाही, डवरा घालून काढतो. बायकोवर हात उगारणारा माणूस हे वचन तोंडावर फेकत असेल तर तो शापालाच आज्ञा समजून बसला आहे. पहिल्या अध्यायात देवानं नर आणि नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचं केलं, हे त्याला वाचून दाखवा.

बापाच्या पापाचा बोजा लेकरांच्या माथी काहून?

आमच्याकडे हा प्रश्न सातबाऱ्यावरून येतो. बाप गेला, सोसायटीचं कर्ज राहिलं, बोजा पोराच्या उताऱ्यावर चढला. देवाचा हिशोबही असाच का?

मी उत्तर बोंडातून देते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची पऱ्हाटी खाल्ली, ते सगळ्यांना आठवतं. त्या दसऱ्यानंतर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक हिरवंगार, भरलेलं बोंड तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. वरून डाग नाही, छिद्र नाही. अंगठ्यानं दाबून फोडलं तर आत गुलाबी अळी, आणि सरकी पोखरून रुई पिवळी पडलेली. अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि बोंड वाढतं तसं तिच्या वाटेचं छिद्र बुजून जातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, माल चांगला आहे. पाप असं आहे. एखादं दुष्कृत्य करण्याच्या आधीपासून आत काहीतरी पोखरलेलं असतं. लेकराला खोटं बोलायला कोणी शिकवत नाही, खरं बोलायला शिकवावं लागतं.

आता दोष कोणाचा, यावर चर्चमध्ये मोठा वाद झाला आहे. चौथ्या-पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की आदामानं फक्त वाईट उदाहरण घालून दिलं, माणूस स्वतःच्या बळावर चांगला राहू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन म्हणाला, नाही, इच्छाच आजारी झाली आहे, देवाच्या कृपेवाचून ती उठत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण नाकारली. पश्चिमेकडच्या चर्चनं, कॅथलिक आणि पुढे प्रॉटेस्टंटांनी, ऑगस्टिनची वाट धरली. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चं मात्र म्हणतात की आपल्याकडे आदामाचा अपराध येत नाही. येतं ते त्याचं मरण आणि बिघडलेला स्वभाव. मला स्वतःला हे मांडणं जवळचं वाटतं, आणि आमच्या पाळकसाहेबांना ते ठाऊक आहे.

पण एक गोष्ट सगळेच मानतात. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. न्यायाच्या वेळी तुमच्यापुढे तुमचंच पान उघडेल, आजोबांचं नाही.

म्हणजे हे कर्मासारखंच झालं की!

थोडं सारखं वाटतं, कारण पेरलं ते उगवतं असं बायबलही म्हणतं. पण फरक मोठा आहे. ख्रिस्ती श्रद्धेत मागचा जन्म नाही. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायाप्रमाणे माणसाला एकदाच मरायचं आहे आणि मग न्याय. त्यामुळे कोणी लंगडा का, कोणी गरीब का, कोणी अमुक जातीत का जन्मला, याचं उत्तर ‘गेल्या जन्मीचं पाप’ असं देता येत नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, ना याचं, ना यांचं.

दुष्काळ, गारपीट, बोंडअळी : ही देवाची शिक्षाच ना?

हे पान लिहायला घेतलं ते या प्रश्नासाठी.

येशूपुढेही लोकांनी असाच विषय काढला होता. येशूची हकिकत सांगणाऱ्या लूकच्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात आहे. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशूनं विचारलं, ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. मग म्हणाला, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. म्हणजे मेलेल्यांकडे दाखवलेलं बोट त्यानं वळवून ऐकणाऱ्यांच्याच छातीला लावलं. गारपीट कोणाच्या वावरात पडली यावरून देव कोणावर रागावला हे ठरवायची परवानगी आपल्याला नाही. तो आपला पाऊस नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाडतो, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तोच सांगतो.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, इस्राएल लोकांच्या आज्ञाभंगाचा आणि दुष्काळाचा संबंध सांगितला आहे, हे खरं. पण तो देवानं त्या राष्ट्राशी केलेल्या कराराचा भाग होता, आणि ते संदेष्ट्यांनी सांगितलं. त्याच जुन्या करारात ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याची गुरंढोरं, लेकरं, अंगाची कातडी सगळं गेलं. मित्र येऊन म्हणाले, तू काहीतरी पाप केलं असशील. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

पतनाचा संबंध इथे आहे तो असा. सगळी सृष्टी अजून कण्हत आहे, प्रसूतीच्या वेदनांनी कण्हावं तशी, असं पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. जमीन आजारी आहे, आपण आजारी आहोत, आणि पुष्कळदा आपणच तिला आजारी करतो. २०१७ ची बोंडअळी आभाळातून पडली नव्हती. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही न उपटलेली पऱ्हाटी, मार्चपर्यंत उभी ठेवल्यानं अळीला खायला मिळत गेलं, बियाण्यातला प्रतिकार तिनं पचवला, आणि धोक्याच्या सूचना वेळेवर वावरापर्यंत पोचल्या नाहीत. त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या अंगानं, तोंडाला नुसता दुपट्टा बांधून, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारत होते. त्या मरणांना देवाची शिक्षा म्हणणं म्हणजे माणसांच्या हलगर्जीपणावर देवाचं नाव घालून तो झाकणं.

ज्यानं कर्जापायी जीव दिला, तो नरकात जातो का?

आमच्या घरापासून चार घरं सोडून असं एक मरण झालं. मयतीला बसलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, “याले काही मुक्ती नाही.” त्याची माय तिथेच भिंतीला टेकून बसली होती. मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा सल आजही माझ्या मनात आहे, म्हणून इथे बोलते.

जीव देवाचा आहे, तो आपण घ्यायचा नाही, हे सगळी चर्चं शिकवतात. पूर्वी अशा माणसाला चर्चच्या विधीनं माती द्यायला नकारही मिळायचा. आज कॅथलिक शिकवण सांगते की तीव्र मनोवेदना आणि भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाची, म्हणजे देवानं त्याला वाचवण्याची, आशा सोडू नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. प्रॉटेस्टंट रोमकरांच्या आठव्या अध्यायाचा शेवट दाखवतात : मरण असो की जीवन, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळं करू शकणार नाही. न्यायाधीश देव आहे. आभाळाकडे पाहत, कोरडा पडलेला दुबार पेरा पाहत त्या माणसानं किती रात्री काढल्या, ते त्याला माहीत आहे. चटईवरच्या कोणाला नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर भाऊ, बाई, आजच कोणाजवळ तरी बोला. १४४१६ हा सरकारचा टेली मानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. पाळकाचं दार रात्रीही वाजवा.

न्यायाचा दिवस कधी येणार?

कोणालाच ठाऊक नाही. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू म्हणतो, तो दिवस व ती घटका स्वर्गातल्या दूतांनाही माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. मोबाईलवर तारीख फिरत आली तर पुढे पाठवू नका.

देवाच्या न्यायाला भ्यायचं की त्याची वाट पाहायची?

दोन्ही, आणि आधी वाट पाहायची.

शहाण्णवाव्या स्तोत्रात एक ओळ आहे, ती मी वावरात मोठ्यानं म्हणते. तिथे शेत आणि त्यातलं सगळं उल्लसित होतं, वनातली झाडं आनंदानं गातात. कशासाठी? देव पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे म्हणून! शहरातल्या माणसाला हे उलटं वाटेल. ज्याचं काही लुबाडलं गेलं त्याला नाही वाटणार. हिब्रू ‘मिश्पात’ या शब्दात निकाल देणं आहे तसंच बिघडलेलं नीट करणं, हिरावलेलं परत देणंही आहे.

मामाजी कापूस विकायला जायचे तेव्हा काट्यापुढे उभे राहून आधी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसायचे, मग आकडा वाचायचे. वाचून काही उपयोग व्हायचा नाही. ओलावा आहे म्हणून इतकं कापलं, कवडी आहे म्हणून इतकं. वर्षभराची मेहनत कोण्या माणसाच्या एका बोटानं कमी होऊन जायची आणि ते परत येताना बैलबंडीत काही बोलायचे नाहीत. बायबलमध्ये खोट्या काट्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो. लेवीयाच्या पुस्तकात खरी वजनं ठेवायची आज्ञा आहे. आमोस संदेष्टा, जो स्वतः मेंढपाळ होता, माप लहान आणि वजन मोठं करून काट्यात दगा करणाऱ्यांवर तुटून पडतो. त्या सगळ्या काट्यांचा हिशोब कधीतरी होणार, हे मामाजींसाठी शुभवर्तमान होतं.

आता भीतीचं. याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की शेतात राबलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी. एका वर्षी मी निंदणाच्या बायांची रोजी तीन आठवडे थांबवली होती. कापूस विकल्यावर देते म्हणाले. त्यातल्या एकीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, ती दोनदा दारी येऊन गेली. मामाजींचा काटा ज्याच्या पुढे जायचा आहे, माझी ती तीन आठवड्यांची वही त्याच्याच पुढे जायची आहे. ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे वचन मला पाठ होतं. कळलं ते त्या बाईला दारात तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा.

मग क्रूसाचा यात काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. काटा सगळ्यांचा तपासला जाणार असेल तर सुटणार कोण? पौलाचे शब्द आहेत, पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान येशू ख्रिस्तामध्ये सार्वकालिक जीवन आहे. आदामाच्या आज्ञाभंगानं जे बिघडलं ते ख्रिस्ताच्या आज्ञापालनानं सुधारलं, असं तो रोमकरांच्या पाचव्या अध्यायात समोरासमोर ठेवून सांगतो.

लोक विचारतात, एकाची शिक्षा दुसऱ्याला, हा कोणता न्याय? कोण्या तिसऱ्याच माणसाला धरून आणलं असतं तर तो अन्यायच होता. पण आमची श्रद्धा अशी की क्रूसावर देव स्वतः आहे, पुत्राच्या रूपानं. ज्याला ते देणं द्यायचं होतं त्यानंच ते आपल्या अंगावर घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या हे निरनिराळ्या प्रकारे समजावलं गेलं. कोणी म्हणतं पापाचं देणं फिटलं, कोणी म्हणतं मरणावर आणि सैतानावर विजय झाला. मला दोन्ही हवं आहे.

म्हणून आम्ही न्यायाला सामोरं जातो ते अनोळखी हाकिमापुढे उभं राहिल्यासारखं नाही. त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत.

आमचे आजोबा देवमाणूस होते, पण ख्रिस्ती नव्हते. त्यांचं काय?

इथे मी सांभाळून बोलते. येशूवाचून तारण नाही, हे सगळी चर्चं मानतात. पण ज्यानं त्याचं नाव ऐकलंच नाही, त्याला देव कसा जोखतो यावर मतं वेगळी आहेत. पौल लिहितो की ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे आणि त्यांचा विवेक साक्ष देतो. कॅथलिक चर्चनं १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्या इतकं पुढे जात नाहीत.

मी मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचून दाखवते. मेंढरं आणि शेरडं वेगळी करावी तशी राष्ट्रं वेगळी केली जातात. राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. आणि नीतिमान लोकांनाच आश्चर्य वाटतं : प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? तुमच्या आजोबांना ओळखणारा त्या सिंहासनावर बसलेला आहे. माझ्यापेक्षा त्याची दया कमी असेल, असं मी कधीच म्हणणार नाही.

नरकात खरंच आग आहे?

येशूनं वापरलेला ‘गेहेन्ना’ हा शब्द यरुशलेमेलगतच्या हिन्नोम खोऱ्याच्या नावावरून आला. त्या खोऱ्यात कधीकाळी लेकरांचे बळी दिले जात. आगीचं बोलणं अक्षरशः घ्यायचं की देवापासून कायमचं तुटण्याचं चित्र म्हणून, यावर एकमत नाही. येशू त्याबद्दल कळवळून आणि गंभीरपणे बोलतो, हे मात्र नक्की. लेकरांना भेव दाखवायला नरक वापरू नका. भीतीनं लेकरू झाडामागे लपतं, पुढे येत नाही.

बाप्तिस्म्याआधीच लेकरू गेलं तर?

येशू म्हणाला, लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या. पूर्वीच्या कॅथलिक धर्मपंडितांत अशा लेकरांसाठी ‘लिंबो’ नावाच्या जागेची कल्पना होती. ती कधी अधिकृत सिद्धान्त झाली नाही, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानं अशा लेकरांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं. आमच्या मंडळीत आम्ही आईला एवढंच सांगतो, लेकरू प्रभूजवळ आहे. आणि नाव ठेवलं नसेल तर ठेवायला सांगतो.

“सात पिढ्यांचा शाप काढून देतो” म्हणणारे येतात, त्यांचं ऐकावं का?

नाही. पैसे तर मुळीच देऊ नका. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे की ख्रिस्तानं आपल्याला शापापासून सोडवलं. ती किंमत दिली गेली आहे. आमच्या गावात एकीनं अशा प्रार्थनेसाठी शेळी विकली. तिच्या नवऱ्याची दारू सुटली ती पुढे व्यसनमुक्ती केंद्रात, आणि त्यासाठीची प्रार्थना तिची स्वतःची होती.

वाचायला सुरुवात कुठून करू?

उत्पत्तीचे पहिले चार अध्याय एका बैठकीत वाचा. मग लूकचा पंधरावा, हरवलेल्या मुलाचा, आणि एकोणिसावा, जक्कयाचा, ज्यानं लुबाडलेलं चौपट परत केलं. मग रोमकरांचा पाचवा आणि आठवा. शेवटी प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय, जिथे जीवनाचं झाड पुन्हा येतं आणि त्याची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी असतात. मोठ्यानं वाचा, शक्यतो घरातलं कोणीतरी सोबत घेऊन. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर नातवाला वाचायला सांगा. रविवारी दहा वाजता आमच्याकडे तसंच वाचतात. कोणीही येऊन बसावं, आधी सांगायची गरज नाही. चहा असतो.